पेठ कायमची मोडायची, कंपनी मात्र मुदतीची: नगरनियोजन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
नगरनियोजन समिती

विषय: जुन्या बाजारपेठेतील भूखंड एकत्र करून मेगास्टोअर उभारण्याच्या प्रस्तावास हरकत

स. न.

मी दुकानदार नाही. पेठेत माझ्या मालकीची एक फळीसुद्धा नाही. मी तिथली गिऱ्हाईक आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण अशा प्रस्तावावर हरकत आली की ‘स्पर्धेला घाबरलेल्या व्यापाऱ्यांची ओरड’ असा शिक्का मारून ती फायलीत तळाशी सरकवता येते. स्पर्धेला माझा विरोध नाही. पेठेतल्या काही दुकानांना तर स्पर्धेची चांगलीच गरज आहे, त्याबद्दल पुढे लिहिते.

माझी हरकत मुदतीबद्दल आहे. आपल्यापुढे आलेल्या प्रस्तावात मागितलेले बदल कायमचे आहेत. लहान भूखंड एकत्र करायचे, मधली गल्ली बंद करायची, जुन्या इमारती उतरवायच्या, दर्शनी भागाचे नियम शिथिल करायचे, गाड्यांसाठी मागची सगळी रांग मोकळी करायची. यातलं काहीही उद्या पूर्ववत करता येणार नाही. ज्या कंपनीसाठी हे करायचं ती मात्र भाडेपट्ट्यावर येणार, आणि हिशेब जमला नाही की उठून जाणार. असे प्रस्ताव कुठेही आले तरी साधारण एकाच साच्याचे असतात: रोजगाराचा आकडा पहिल्या पानावर ठळक, भाडेपट्ट्याच्या अटी कुठेतरी परिशिष्टात, आणि कंपनी गेल्यावर त्या जागेचं काय, हा प्रश्न कुठेच नाही. तो आपण विचारावा म्हणून हे पत्र.

ही दुकानं जन्मली कुठे ते पाहिलं की ती पेठेत का बसत नाहीत ते कळतं. १९६२ या एकाच वर्षात अमेरिकेत वॉलमार्ट, टार्गेट आणि केमार्ट या तिन्ही नावांची पहिली दुकानं उघडली. वॉलमार्टचं आर्कान्सातल्या रॉजर्स या लहान गावात, टार्गेटचं मिनेसोटातल्या रोझव्हिल या उपनगरात, केमार्टचं पहिलं मोठं दुकान मिशिगनमधल्या गार्डन सिटीत. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, पॅरिसच्या दक्षिणेला सँत-जनव्हिएव्ह-दे-ब्वा इथे कारफूरने फ्रान्समधलं पहिलं हायपरमार्केट सुरू केलं. विक्रीची जागा २,५०० चौरस मीटर, बाहेर सुमारे ४०० गाड्यांची सोय. एका गाडीला, आत-बाहेर करायच्या वाटेसकट, २५ ते ३० चौरस मीटर लागतात. म्हणजे दुकान अडीच हजार मीटरचं आणि त्याच्यापुढचं गाड्यांचं मैदान दहा-बारा हजारांचं. मोकळी स्वस्त जमीन, दारात गाडी असलेलं गिऱ्हाईक, एक मजला, एक दार, आणि आत शिरलेल्याने सगळं घेऊन थेट गाडीकडे परतावं अशी मांडणी. गावाबाहेरच्या माळावर या मांडणीत शहाणपण असेलही. पेठेत ती आणायची तर आधी पेठेतच माळ तयार करावा लागतो.

आणि पेठ म्हणजे काय, हे आपल्या नकाशावर नीट दिसत नाही, कारण नकाशावर ‘व्यापारी वापर’ असा एकच रंग आहे. त्या रंगात मेगास्टोअरही बसतं आणि कुलूप दुरुस्त करणाराही बसतो. प्रत्यक्षात पेठेची ताकद तिच्या अरुंद गाळ्यांत आहे. दर्शनी बाजू चार-पाच पावलांची, पण आत खोल. समोर विक्री, मागे माल, वर कुणाचं बिऱ्हाड किंवा कुणाचं कार्यालय. चालणाऱ्याला दर थोड्या पावलांवर नवं दार लागतं, म्हणून तो चालत राहतो, आणि चालत राहतो म्हणून ज्या दुकानात जायचं ठरवलं नव्हतं तिथेही थांबतो. कापडाला आलेला माणूस शेजारी बटणं घेतो, त्याच्या पुढच्या दारात शिवायला टाकतो. ही दुकानं एकमेकांची गिऱ्हाइकं ओढत नाहीत, एकमेकांकडे पाठवतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. यातलं एक दुकान बुडालं तर एक गाळा रिकामा होतो, बाजूचे चालू असतात. नवा माणूस थोड्या भांडवलावर तोच गाळा घेतो, फळ्या बदलतो, पाटी बदलतो, धंदा सुरू करतो. त्याचाही नाही चालला तर तिसरा येतो. शंभर-दीडशे वर्षांत एकाच गाळ्यात कितीतरी धंदे होऊन गेलेले असतात, आणि प्रत्येक वेळी शहराला त्यासाठी एक पैसाही खर्चावा लागलेला नसतो. जुन्या इमारतींचं भाडं कमी असतं, म्हणून नवशिक्या धंद्याला तिथे पाय ठेवायला जागा मिळते. वारसा म्हणून आपण कमानी आणि लाकडी खांब जपतो, जपावेतच. पण खरी जपण्याची गोष्ट ही सोय आहे, आणि ती कमान तशीच ठेवून मागे सलग खोका बांधला तर जपली जात नाही. दर्शनी भाग राखून मागचं सगळं पाडायचं, याला प्रस्तावात ‘वारसा संवर्धन’ म्हणायची अलीकडे रीत पडली आहे. मला त्यात संवर्धन दिसत नाही, मुखवटा दिसतो.

मेगास्टोअर बुडालं, किंवा बुडालं नाही तरी मुख्यालयातल्या तक्त्यात लाल रंगात गेलं, तर एकदम सगळा चौक रिकामा होतो. ही माझी कल्पनाशक्ती नाही. नॉर्थ कॅरोलायनात ओरिएंटल नावाचं हजारभर वस्तीचं गाव आहे. तिथे २०१४ मध्ये वॉलमार्टने आपलं ‘एक्सप्रेस’ दुकान उघडलं. हे तर त्यांच्या लहान आकारातलं. गावातलं जुनं कौटुंबिक किराणा दुकान पुढच्या वर्षी, २०१५ च्या ऑक्टोबरात बंद झालं. २०१६ च्या जानेवारीत वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकानं बंद करण्याची घोषणा केली आणि त्यात ओरिएंटलचंही होतं. गावाकडे तेव्हा ना नवं राहिलं ना जुनं. कंपनीने ओरिएंटलचा राग धरला होता असं नाही. तिच्या यादीत ते २६९ पैकी एक होतं, इतकंच.

मोठ्या शहरात असं होणार नाही असं वाटत असेल तर शिकागो पाहा. ११ एप्रिल २०२३ रोजी वॉलमार्टने त्या शहरातल्या आठपैकी चार दुकानांना कुलूप लावत असल्याचं जाहीर केलं. १६ तारखेला ती गिऱ्हाइकांसाठी बंद. मधले दिवस पाच. पहिलं दुकान उघडल्यापासून सुमारे १७ वर्षांत शिकागोतली दुकानं एकंदरीत फायद्यात आलीच नाहीत, असं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे १७ वर्षं तोटा सोसण्याइतका खिसा खोल होता, आणि तेवढ्या काळात आजूबाजूच्या ज्यांचा खिसा तेवढा खोल नव्हता ते कधीच निघून गेले होते. या एका वाक्यात ‘बाजारात जो टिकेल तो टिकेल’ या युक्तिवादाचं उत्तर आहे असं मला वाटतं. टिकण्याची ही शर्यत दुकान विरुद्ध दुकान अशी होत नाही. एका बाजूला दुकान असतं आणि दुसऱ्या बाजूला ताळेबंद.

त्याच शिकागोत, पश्चिम भागात २००६ मध्ये उघडलेल्या वॉलमार्टच्या आसपासच्या धंद्यांचा अभ्यास लॉयोला आणि इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. दुकानाच्या जितकं जवळ, तितकं बंद पडण्याचं प्रमाण जास्त, असं त्यांना आढळलं. आसपासच्या धंद्यांतल्या सुमारे ३०० पूर्णवेळ नोकऱ्या गेल्या, आणि मेगास्टोअरने साधारण तेवढ्याच दिल्या. बेरीज-वजाबाकी जवळपास शून्य. आपल्यापुढच्या कागदावर रोजगाराचा जो आकडा आहे त्यात फक्त बेरीज आहे. वजाबाकीचा रकाना अर्जदाराने भरावा अशी अपेक्षा नाही, तो समितीने भरून घ्यायचा असतो.

जागेच्या हिशेबाने पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्याच ॲशव्हिलमध्ये गावाबाहेरच्या वॉलमार्टची आणि मध्यवर्ती भागातल्या एका जुन्या, पुन्हा वापरात आणलेल्या इमारतीची तुलना झाली होती. तिथे एकेकाळी डिपार्टमेंट स्टोअर होतं, नंतर खाली दुकानं आणि वर घरं झाली. मालमत्ता कर एकरी मोजला तर वॉलमार्टचा सुमारे ६,५०० डॉलर आणि जुन्या इमारतीचा सुमारे ६,३४,००० डॉलर. नोकऱ्या एकरी मोजल्या तर एकीकडे सहाच्या आसपास, दुसरीकडे सुमारे चौऱ्याहत्तर. वॉलमार्टच्या बाजूने बोलायचं तर त्याची जमीन ३४ एकर होती आणि इमारतीची एक पंचमांश एकर, त्यामुळे एकूण रकमेत तो मोठा दिसतोच. पण शहराकडे मर्यादित काय असतं? मध्यवर्ती भागातली जमीन. ती ज्या दराने परतावा देते त्याच दराने तिची किंमत मोजायला हवी.

आणि तो करही पुढे तेवढाच राहील अशी खात्री नाही. अमेरिकेत अनेक साखळी कंपन्यांनी कर-लवादापुढे एक युक्तिवाद यशस्वी केला आहे: आमचं चालतं दुकान हे बंद पडलेल्या रिकाम्या खोक्याच्या भावाने मोजा, कारण ही इमारत आमच्याशिवाय कुणाच्याच कामाची नाही. मिशिगनमधल्या मार्क्वेट टाउनशिप या स्थानिक संस्थेला लोज या कंपनीच्या दुकानाच्या बाबतीत असाच निकाल सोसावा लागला आणि वसूल केलेला कर परत द्यावा लागला. जरा थांबून हा युक्तिवाद पुन्हा वाचावा ही विनंती. इमारत दुसऱ्या कुणाच्याही कामाची नाही, हे बांधणाऱ्यानेच शपथेवर सांगितलेलं आहे. त्यातून, जागा सोडताना अशा कंपन्या खरेदीखतात अट घालतात की इथे पुढची काही वर्षं आमच्या धंद्याशी स्पर्धा करणारं दुकान निघणार नाही. स्वतः जायचं आणि दुसऱ्यालाही येऊ द्यायचं नाही. मग रिकामे खोके वर्षानुवर्षं का पडून राहतात याचं नवल कशाला?

आता स्वस्ताईबद्दल. मेगास्टोअर आलं की बऱ्याच वस्तूंचे भाव उतरतात, हे खरं आहे. ज्या घरात पगार महिन्याच्या वीस तारखेलाच संपतो त्या घराला हा फरक कळतो, आणि पेठेच्या सौंदर्यावर भाषणं देणाऱ्यांनी त्या घराकडे पाहून बोलावं. मी या मुद्द्यावरून पळणार नाही. पण हा लाभ मिळण्यासाठी दुकान पेठेच्या मधोमध, सहा इमारती पाडून, याच आकाराचं असलं पाहिजे असं कुठे आहे? भाव उतरतात ते खरेदीच्या घाऊक ताकदीमुळे, वखारींच्या व्यवस्थेमुळे, पुरवठादाराशी करायच्या घासाघिशीमुळे. त्यातलं काहीही पेठेतल्या जमिनीवर अवलंबून नाही. पेठेची जागा कंपनीला हवी असते ती तयार वर्दळीसाठी. ती वर्दळ लहान दुकानांनी पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली आहे.

खिशातून निघालेला पैसा पुढे कुठे जातो, हाही हिशेब आहे. टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये २००२ साली अशाच एका प्रस्तावाच्या निमित्ताने तो मांडला गेला. पुस्तकांचं एक आणि संगीताचं एक अशी दोन स्थानिक दुकानं चौकात होती आणि समोरच बॉर्डर्स या मोठ्या साखळीचं दुकान यायचं होतं. साखळी दुकानात खर्च केलेल्या १०० डॉलरमागे सुमारे १३ डॉलर गावात फिरतात, आणि स्थानिक दुकानातल्या १०० मागे सुमारे ४५, असा तो निष्कर्ष. कारण साधं आहे. स्थानिक दुकानाचा हिशेबनीस गावातला, छापखाना गावातला, वकील गावातला, नफा गावात. बॉर्डर्सने २००३ मध्ये तिथून माघार घेतली. पुढची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते: २०११ मध्ये बॉर्डर्सची अमेरिकेतली सगळी दुकानं कायमची बंद झाली. बुकपीपल हे त्यातलं पुस्तकांचं स्थानिक दुकान त्यानंतरही त्याच चौकात पुस्तकं विकत राहिलं. त्या वेळी नियोजनवाल्यांनी ‘भक्कम कंपनी’ म्हणून कुणाकडे पाहिलं असेल याचा अंदाज आपण करू शकता.

पेठेतल्या दुकानदारांची वकिली करायला मी बसलेले नाही. गिऱ्हाइकाला उभं ठेवून फोनवर बोलत राहणं, वस्तूवर भाव न लिहिणं, बदलून मागितली की तोंड फिरवणं, पदपथावर माल मांडून चालणाऱ्याला रस्त्यावर उतरवणं, आणि दुसऱ्या दिवशी ‘गिऱ्हाईक मोठ्या दुकानात पळतं’ म्हणून गळा काढणं. हे सगळं मी पाहिलं आहे, भोगलंही आहे. ज्या दिवशी पेठेने पदपथ मोकळा केला, भावाच्या चिठ्ठ्या लावल्या आणि वस्तू बदलून द्यायला सुरुवात केली, त्या दिवशी तिचं अर्धं भांडण तिनेच जिंकलेलं असेल. पण उर्मट दुकानदाराला शिक्षा म्हणून गल्ली पाडणं, हा उपाय मला समजत नाही. दुकानदार बदलतो, सुधारतो, निवृत्त होतो. गल्ली परत येत नाही.

‘पेठ तशीही मरतेच आहे, लोक घरबसल्या मागवतात,’ असंही सुनावणीत कुणीतरी म्हणेल. घरबसल्या खरेदीचा मार लहान दुकानाइतकाच मेगास्टोअरलाही बसतो. साच्यातला, वेष्टनातला, सगळीकडे सारखा असलेला माल, हेच मेगास्टोअरचं आणि घरबसल्या खरेदीचं, दोघांचं भांडवल आहे. शिवून देणं, दुरुस्त करणं, मापाने कापणं, हाताळून दाखवणं हे मोबाइलवरून येत नाही आणि ते खोक्यातही नसतं.

अर्जदाराच्या बाजूने एक हुशार मुद्दा येऊ शकतो, आणि त्याचं उत्तर समितीने तयार ठेवावं असं मला वाटतं. तो असा: जगभरचे नियोजनकारच म्हणतात की मोठी दुकानं गावाबाहेर नको, मध्यवर्ती भागात आणा, आम्ही तेच करतोय. यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये डडलीजवळ राउंड ओकचा पोलाद कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. करसवलतींच्या क्षेत्रात त्या परिसरात मेरी हिल हे प्रचंड खरेदी केंद्र उभं राहिलं आणि डडली गावातली नावाजलेली दुकानं एकामागून एक तिकडे गेली. अशा अनुभवांनंतर ब्रिटनने १९९० च्या दशकात नियम कडक केले: आधी मध्यवर्ती भागातली जागा शोधा, ती नसेल तर त्याच्या कडेची, तीही नसेल तरच बाहेरची. पण त्याच नियमात पुढचं वाक्य आहे, जे अर्जदार सहसा वाचून दाखवत नाहीत. मध्यवर्ती भागात जागा शोधताना दुकानाच्या स्वरूपात आणि आकारात अर्जदाराने लवचिकता दाखवली पाहिजे, असं ते वाक्य आहे. वाकायचं दुकानाने. इथे पेठेला वाकायला सांगितलं जातंय.

दुकानाला वाकता येतं, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात १९७० पासून ‘अॅक्ट २५०’ हा कायदा आहे. मोठ्या बांधकामाने गावावर कोणता सार्वजनिक खर्च पडेल ते त्यात तपासलं जातं. सेंट अल्बन्स गावाबाहेरचं वॉलमार्ट त्याच कसोटीवर नाकारलं गेलं आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो निर्णय कायम केला. त्याच वर्षी, त्याच राज्यात, रटलंड गावात तीच कंपनी मध्यवर्ती भागातल्या केमार्टच्या रिकाम्या इमारतीत, तिच्या नेहमीच्या आकारापेक्षा बऱ्याच लहान जागेत मुकाट्याने दुकान थाटून बसली. नियम ठाम होता, म्हणून कंपनी वाकली. (सेंट अल्बन्सला ते दुकान २०१३ मध्ये अखेर आलंच, हेही सांगायला हवं. पण १९९३ च्या पहिल्या अर्जातल्या अटींवर आलं नाही.)

जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या आल्टोना भागाचं उदाहरणही पुढे केलं जाईल. तिथे २०१४ मध्ये आयकियाने चक्क पादचारी रस्त्यावर दुकान उघडलं, आणि त्याआधी २०१० मध्ये रहिवाशांनी मतदानात ७७ टक्के कौल बाजूने दिला होता. मला हे उदाहरण आवडतं. तिथे आधीच ओस पडलेल्या एका मोठ्या व्यापारी इमारतीची जागा होती, चालती गल्ली पाडावी लागली नाही. दुकान पसरट न बांधता मजल्यांवर मजले चढवून बांधलं. आणि लोकांना आधी विचारलं. या तिन्ही गोष्टी आपल्यापुढच्या प्रस्तावात असत्या तर हे पत्र मी लिहिलं नसतं.

सरसकट बंदी मी मागत नाही, कारण बंदीचे अनुभव फारसे चांगले नाहीत. फ्रान्सने १९७३ मध्ये रॉयर कायदा केला. लहान गावांत १,००० आणि ४०,००० वर वस्तीच्या गावांत १,५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानाला स्थानिक आयोगाची मंजुरी लागू लागली. १९९६ मध्ये ही मर्यादा ३०० वर आणली, २००८ मध्ये पुन्हा १,००० केली. मारियान बेर्त्रां आणि फ्रान्सिस क्रामार्झ या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की जिथे आयोग जास्त कडक, तिथे किरकोळ व्यापारातला रोजगारही मंद वाढला. दुसरीकडे, इतकं करूनही गावांबाहेर हायपरमार्केटं वाढत गेली आणि २०१८ मध्ये सरकारला २२२ गावांच्या मध्यवर्ती भागात जीव ओतण्यासाठी पाच अब्ज युरोंचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. जपानने १९७३ च्या कायद्याने मोठ्या दुकानांना स्थानिक व्यापाऱ्यांशी वाटाघाटीत वर्षानुवर्षं अडकवलं, २००० मध्ये तो रद्द केला, गावोगावच्या बाजारगल्ल्यांत बंद शटरांच्या रांगा लागलेल्या पाहिल्या, आणि २००६ मध्ये १०,००० चौरस मीटरवरच्या दुकानांना गावाबाहेर पुन्हा लगाम घातला. व्यापाऱ्यांच्या हाती नकाराधिकार देणं आणि सगळं मोकळं सोडणं, दोन्ही करून झालेलं आहे. उरतो तो कंटाळवाणा मार्ग: आकार, जागा आणि जाण्याच्या अटी आधी ठरवून सगळ्यांना सारख्या लावणं.

म्हणून मागण्या अशा आहेत. सध्याचा प्रस्ताव, भूखंड एकत्रीकरणासह, नामंजूर करावा. पेठेच्या हद्दीत एका दुकानाच्या तळमजल्याच्या क्षेत्रफळाला आणि सलग दर्शनी लांबीला कमाल मर्यादा घालावी. ती कंपनीच्या नावावरून न ठरवता सगळ्यांना लागू असावी, म्हणजे उद्या पेठेतल्याच एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्याने चार गाळे गिळायचं ठरवलं तर त्यालाही ती आड येईल. मर्यादेपेक्षा मोठा अर्ज आला तर परिणामांचा अभ्यास समितीने नेमलेल्या तज्ज्ञांकडून व्हावा, खर्च अर्जदाराचा. अर्जदारानेच नेमलेल्या सल्लागाराचा अहवाल हा अहवाल नसतो, जाहिरात असते. कोणत्याही मोठ्या दुकानाकडून इमारत रिकामी पडल्यास ती उतरवण्याच्या किंवा पुन्हा वापरात आणण्याच्या खर्चाइतकी ठेव आधी घ्यावी, आणि जागा सोडल्यावर स्पर्धकाला मज्जाव करणारी अट खरेदीखतात किंवा भाडेपट्ट्यात घालणार नाही असं लेखी घ्यावं. ठेवीच्या या एका अटीवर अर्जदाराचा चेहरा कसा होतो ते आपण सुनावणीत पाहालच. ज्याला पन्नास वर्षं राहायचं आहे त्याला ती जड वाटण्याचं कारण नाही.

पेठेतल्या रिकाम्या गाळ्यांबद्दलही काही करावं लागेल. भाव चढण्याची वाट पाहत गाळा बंद ठेवणारे मालक पेठेचं नुकसान करतातच, आणि मेगास्टोअरवाल्यांना ‘बघा, इथे काही चालत नाही’ म्हणायला फोटोही पुरवतात. त्यांना कराच्या बिलातून समजावता येईल.

शेवटची विनंती सुनावणीच्या वेळेची. अशा सुनावण्या बहुधा कामाच्या दिवशी दुपारी ठेवल्या जातात. कंपनीचे वकील तेव्हा येतात, कारण ते त्यांचं कामच आहे. एकट्याने गल्ला सांभाळणारा दुकानदार येऊ शकत नाही, आणि नोकरी करणारं गिऱ्हाईकही नाही. सुनावणी पेठ बंद झाल्यावर, रात्री ठेवावी, भाडेपट्ट्याच्या अटींसह संपूर्ण प्रस्ताव त्याआधी किमान एक महिना सर्वांना पाहायला खुला असावा, आणि नकाशे पेठेतच कुठेतरी भिंतीवर लावावेत. मी येईन, हे पत्र आणि प्रश्न घेऊन.

आपली,
पेठेची एक गिऱ्हाईक